जिना चढतो, पण उंबऱ्याशी अडतो

माझा मामा ठाण्यात नौपाड्यात राहतो, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्याला पार्किन्सन्स आहे, म्हणजे हालचाल बिघडवणारा मेंदूचा आजार, आता आठ वर्षं झाली. मागच्या महिन्यात त्याला गोखले रोडवर चष्म्याच्या दुकानात न्यायचं होतं, तर स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायलाच त्याला पाच मिनिटं लागली, कारण मधल्या दारात पाय जे चिकटले ते चिकटलेच, गुडघे थरथरतायत, वरचं अंग पुढे निघालंय आणि पावलं मात्र फेविकॉल लावल्यासारखी तिथेच. मी हात धरून ओढलं तर पडायलाच आला. कसाबसा दाराबाहेर काढला, म्हटलं आता तीन मजले उतरायचे म्हणजे संध्याकाळ होणार. तर हा गडी कठड्याला हात लावून टप टप टप खाली, आणि मधल्या मजल्यावर थांबून वर माझ्याकडे बघत विचारतो, "येतेस ना?"

मामी दारातून म्हणाली, "बघितलंस? घरात पाऊल उचलत नाही आणि बाहेर पडला की धावतो." शेजारपाजारच्यांचंही तेच मत, नाटकं करतो. खरं सांगते, पहिली दोन-तीन वर्षं माझ्याही मनात तेच यायचं. नंतर त्याच्या न्यूरॉलॉजिस्टला आणि फिजिओला प्रश्न विचारून विचारून आणि रात्री बसून वाचून जे डोक्यात शिरलं ते इथं लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यातलं काही वाचून कुणी आपल्या गोळ्या बदलू नका.

आधी एक करा. डोळे मिटा आणि उजव्या हाताचं बोट नाकाच्या शेंड्याला लावा. लागलं ना बरोबर? हात कुठे होता, कोपर किती वाकलंय, नाक किती लांब, हे सगळं न बघता कुणी सांगितलं? आपण समजतो हालचाल म्हणजे नुसती ऑर्डर, मेंदूने सांगितलं हात उचल आणि हाताने उचलला. पण वरून खाली ऑर्डर जाते तशी खालून वर सतत बातमी येत असते, जवळजवळ प्रत्येक स्नायूच्या आत बारीक सेन्सर असतात जे स्नायू किती ताणला गेला ते कळवतात, स्नायूच्या टोकाला जिथे तो हाडाला जोडलेला असतो तिथे वेगळे सेन्सर असतात ते किती जोर लागतोय ते कळवतात, शिवाय सांधे, कातडी, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र, डोळे. हे सगळं मिळून आपल्याला कळतं की आपण आत्ता कसे उभे आहोत. या स्नायू-सांध्यांतून येणाऱ्या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन नावाच्या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये प्रोप्रियोसेप्शन असं नाव दिलं, पुढे १९३२ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. शाळेत पाच ज्ञानेंद्रियं शिकवली तेव्हा हे कुणी सांगितलंच नाही, खरं तर ते सगळ्यात कामाचं आहे.

ठाण्याहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याला हे रोज अनुभवायला मिळतं. एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हातात मोबाईल, डोळे स्क्रीनवर, आणि मुलुंडच्या आधी ब्रेक लागला की तुमच्या पोटऱ्या आपोआप घट्ट होतात, तुम्ही वर बघायच्याही आधी. ही बातमी नेणाऱ्या जाड नसांमधून सिग्नल सेकंदाला ७०-८० मीटर किंवा त्याहूनही जोरात पळतो, लोकल फुल स्पीडला असली तरी त्याच्या निम्म्यानेही जात नाही. डोळ्यांनी बघून, समजून मग पाय हलवायचा तर साधारण सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो, तेवढ्यात तुम्ही समोरच्या काकांच्या मांडीवर.

ही बातमीच बंद झाली तर काय होतं त्याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. इयन वॉटरमन नावाचा इंग्लिश माणूस, १९७१ मध्ये १९ वर्षांचा होता, साधा ताप आल्यासारखं झालं आणि त्यातून शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मानेखालच्या या जाड नसा मारून टाकल्या. स्नायूंची ताकद शाबूत. दुखलेलं कळायचं, गरम-थंड कळायचं. फक्त हात-पाय कुठे आहेत ते कळेना. लकवा नसतानाही तो बसूसुद्धा शकत नव्हता, हात आपले आपणच कुठेही जायचे. पुढे त्याने डोळ्यांनी बघून बघून एकेक हालचाल नव्याने शिकून घेतली, चालायला लागला, नोकरी केली, पण चालताना पायांवर नजर ठेवावी लागायची आणि खोलीतले दिवे गेले तर जागेवर कोसळायचा. म्हणजे ऑर्डर देणारा साहेब ठीक, हुकूम पाळणारे कामगार ठीक, फक्त खालून रिपोर्ट येत नाही, तर सगळा कारखाना ठप्प.

एवढं टोकाचं राहू दे, याचा छोटा अवतार आपल्या आजूबाजूला भरपूर आहे. सकाळी बेसिनपाशी डोळे मिटून तोंडाला साबण लावला की तोल जातो, बेसिन धरावं लागतं, अशी तक्रार करणारे एक तरी काका-काकू प्रत्येक सोसायटीत सापडतील, आणि घरचे म्हणतात वय झालं. डॉक्टर अशा वेळी पाय जुळवून उभं राहायला आणि मग डोळे मिटायला सांगतात. डोळे उघडे असताना ठीक आणि मिटल्यावर झोकांड्या, याचा अर्थ पायांकडून बातमी नीट येत नाहीये आणि इतके दिवस डोळे ती उणीव भरून काढत होते. एकोणिसाव्या शतकातल्या रोमबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने ही टेस्ट ओळखली जाते, मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. कारणं बहुतेक दोन ऐकू येतात, जुनी शुगर, नाहीतर बी-१२ ची कमतरता, आणि आपल्याकडे शुद्ध शाकाहारी घरांत ही दुसरी फार दिसते कारण भाजी-पोळी-डाळीत बी-१२ नसतंच, दूध-दह्यात थोडं असतं. बी-१२ साध्या रक्ताच्या टेस्टमध्ये कळतं आणि लवकर धरलं तर बरंचसं भरून निघतं, म्हणून इथं एवढं लिहिलं. (टेस्ट करताना बाजूला कुणीतरी उभं राहा हां, घरच्या घरी करून आजोबांना पाडू नका.)

आता गंमत पुढे आहे. बातमी कितीही जोरात पळाली तरी ती थोडी शिळीच असते, म्हणून मेंदू बातमीची वाट बघत बसत नाही, तो अंदाज बांधतो. ऑर्डर पाठवली की तिची एक कार्बन कॉपी छोट्या मेंदूकडे जाते, हा डोक्याच्या मागे खाली असतो, शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणायचे. तो ठरवतो, हात असा निघालाय म्हणजे अमुक वेळात अमुक जाणवायला पाहिजे. मग खरी बातमी येते, दोन्ही जुळली तर मेंदू तिच्याकडे फारसं लक्षच देत नाही. म्हणून स्वतःला गुदगुल्या होत नाहीत! १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी याच गोष्टीसाठी मेंदूचे स्कॅन काढले होते. आणि बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना जो झटका बसतो ना, दिसतंय की बंद आहे, माहितीय की बंद आहे, तरी अंग पुढे झुकतं, तोही हाच अंदाज, पाय आधीच तयारी करून बसलेला असतो आणि तुमचं ज्ञान त्याला कुणी विचारत नाही.

हा छोटा मेंदू वजनाने अख्ख्या मेंदूचा दहावा हिस्सा, पण माणसाच्या मेंदूतल्या साधारण ८,६०० कोटी चेतापेशींपैकी ६,९०० कोटींच्या आसपास त्याच्यात आहेत. त्याला इजा झाली की ताकद जात नाही, अंदाज जातो. पेला धरायला गेलेला हात पेल्याच्या पुढे जातो, मग मागे येतो, जवळ जाईल तसा जास्त हेलकावतो, बोलणं अडखळतं, पाय फाकवून चालावं लागतं. गॉर्डन होम्स नावाच्या डॉक्टरने पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळी लागलेल्या सैनिकांवर हे सगळं नोंदवून ठेवलं, त्यातला एक जण म्हणाला होता की चांगला हात आपोआप चालतो पण दुसऱ्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. दारू सगळ्यात आधी ज्या भागांना पकडते त्यात हा एक, म्हणूनच पिणारा तसा चालतो. आणि म्हणूनच या आजाराच्या लोकांना रिक्षावाले घेत नाहीत, सकाळी दहा वाजता पिऊन आला समजतात. बिचारे गळ्यात कार्ड घालून फिरतात काही जण.

बरं, आता मामा.

मामाचा प्रॉब्लेम तिसऱ्याच जागी आहे. मेंदूच्या खोल आत पेशींचे काही पुंजके असतात, बेसल गँग्लिया म्हणतात, त्यांचं काम रेल्वेच्या फाटकासारखं समजा, म्हणजे नेहमी बंद. कुठलीही हालचाल सहज सुटू नये म्हणून धरून ठेवलेली, आणि पाहिजे ती हालचाल आली की तेवढ्यापुरतं फाटक वर. हे फाटक उचलायला डोपामिन नावाचं रसायन लागतं, आणि ते बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात एका काळपट पट्ट्यात असतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी मरत जातात, पट्टा फिका पडतो, आणि वाईट हे की त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा जास्त जाईपर्यंत बाहेर काही धड दिसतच नाही. फाटक मग उघडतं पण अर्धवट, उशिरा, कधी उघडतच नाही. म्हणून सगळं हळू आणि सगळं छोटं.

छोटं म्हणजे कसं ते सांगते. मामा वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता, कॉम्प्युटर यायच्या आधीचा, त्याचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. आजार कळायच्या दोन वर्षं आधी त्याची सही बारीक व्हायला लागली, पहिलं अक्षर ठीक आणि शेवटाकडे मुंगी, बँकेतून चेक परत आला सही जुळत नाही म्हणून, आम्ही हसलो. त्याहीआधी वास गेला होता, शेजारच्या खोलीत दूध करपलं तरी पेपर वाचत बसलेला, मामीने केवढा तमाशा केला होता. वास जाणं हे पार्किन्सन्सचं कित्येकदा वर्षानुवर्षं आधीचं लक्षण असतं हे आम्हाला कुठून माहीत. (वास गेला म्हणजे पार्किन्सन्सच असं नाही, सर्दीपासून कोविडपर्यंत शंभर कारणं आहेत.) थरथरीचं म्हणाल तर एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, पार्किन्सन्सचा हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना हलतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, जसं काही बोटांत गोळी वळतायत, आणि काम करायला उचलला की बऱ्याचदा थांबतो. चहाचा कप उचलला की बशीत सांडतो ती थरथर बहुतेक वेळा वेगळी असते आणि ती कितीतरी जास्त लोकांना असते. ठरवायचं मात्र डॉक्टरने.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला, एकूण सहा माणसं बघून, त्यातली काही तर त्याने रस्त्यात जाता-येता पाहिलेली. त्याने लिहिलं की संवेदना आणि बुद्धी शाबूत राहतात. बाकी निरीक्षण जबरदस्त, पण इथं तो चुकला, आणि माझ्या मते घरच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मामाचा आवाज आता इतका बारीक झालाय की फोनवर ऐकूच येत नाही, आणि त्याला सांगितलं की तो चिडतो, "मी ओरडूनच बोलतोय, तुम्हाला कान नाहीत." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मेंदूतला काटाच सरकलाय, छोटा आवाज त्याला पूर्ण वाटतो, वीतभर पाऊल त्याला ढांग वाटतं. हात-पाय कुठे आहेत, किती हलले, ही जाणीवही या आजारात बोथट होते असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे ऑर्डर कमी पडते आणि त्यात खालून रिपोर्टही ऑल ओके येतो, मग माणूस दुरुस्ती कशाची करणार? आम्ही एकदा मोबाईलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकवलं. गप्प बसला बराच वेळ. मग म्हणाला, "हा मी आहे?" तेव्हापासून फिजिओ आणि स्पीच थेरपिस्ट दोघी त्याला एकच सांगतात, तुला अति वाटेल इतकं मोठं कर, मोठं पाऊल, मोठा हात, मोठा आवाज. त्याला अति वाटतं तेव्हा आपल्याला नॉर्मल दिसतं.

आणि जिना? रोजचं चालणं आपण चालवत नाही, ते आतून आपोआप चालू असतं, एक पाऊल संपलं की पुढच्याला सुटण्याचा इशारा आतूनच मिळतो, आणि तो इशारा देणारी जागाच मामाची बिघडलीय. पण मेंदूत दुसरा रस्ताही आहे, बाहेर काहीतरी दिसलं किंवा ऐकू आलं की त्यावर पाऊल टाकायचं, हा डोळ्यांकडून आणि छोट्या मेंदूकडून बराचसा फिरून जातो आणि त्या फाटकावर एवढा अवलंबून नाही. जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक आडवी रेघ, इथं पाय ठेव, मग इथं, मग इथं. गुळगुळीत लादीवर सांगणारं कुणी नाही. म्हणून ठाणे स्टेशनचा पूल तो चढतो आणि वर सपाटीवर गर्दीत अडकतो. दार म्हणजे तर संकटच, जागा अरुंद होते, वळावं लागतं, त्यात कुणी बेल वाजवली किंवा मागून "चल चल लवकर" म्हटलं की संपलं. घाई, वळण, अरुंद जागा, चालता चालता बोलणं, ही चार कारणं फिजिओने आम्हाला पाठ करायला लावलीत.

तर ओढायचं नाही. थांबू द्यायचं, श्वास घेऊ द्यायचा, वजन एकदा या पायावर एकदा त्या पायावर, मग त्याच्यासमोर आपलं पाऊल आडवं ठेवायचं आणि म्हणायचं हे ओलांड. चमत्कार वाटतो पहिल्यांदा. जमिनीवर रंगीत टेपच्या पट्ट्या मारणं हाही तोच प्रकार, आणि ठेकाही चालतो, काही लोक मेट्रोनोमचं ॲप लावतात, आमचा मामा शाळेत लेझीम खेळायचा त्यामुळे तो तोंडाने लेझमीचा ठेका धरतो आणि पॅसेज पार करतो, पाहुणे आले की लाजतो फक्त. सगळ्यांना सगळं लागू पडत नाही, आणि एकच युक्ती रोज वापरली की कधी कधी तिची धार जाते हेही खरं. आणि जिना जमतो म्हणजे जिना सुरक्षित असं नाही, उतरताना कठडा आणि एक पायरी खाली माणूस पाहिजेच, त्या चष्म्याच्या दिवशी मी मागे राहिले ती चूकच.

गोळीची गोष्ट थोडक्यात सांगते कारण तिच्यात आपली सर्पगंधा आहे. सर्पगंधेपासून काढलेलं रेसर्पिन नावाचं औषध तेव्हा बीपीला देत. स्वीडनच्या आर्विड कार्लसनने ते सशांना दिलं, ससे दगडासारखे बसले, मग त्यांना लेव्होडोपा, म्हणजे ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं ते औषध, टोचलं आणि ते उठून हिंडायला लागले. हे १९५७ साल. त्यावरून डोपामिनचं काम कळलं, २००० मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपाचा मोठा डोस पेशंटना तोंडाने देऊन दाखवला. तीच गोळी मामा आजही घेतो, अर्थात आता तिच्यासोबत दुसरं औषध मिसळलेलं असतं. खाजकुइलीच्या बियांत हे लेव्होडोपा नैसर्गिकरीत्या असतं हे खरं आहे, पण म्हणून बाजारातली पावडर स्वतःच्या मनाने चालू करू नका, डोस किती जातोय ते कुणालाच कळत नाही. अजून एक, प्रोटीन आणि ही गोळी आतड्यात एकाच दारातून आत जायला भांडतात, त्यामुळे मामा गोळी दुधाबरोबर घ्यायचा ते डॉक्टरांनी बंद केलं, आता जेवणाआधी अर्धा तास पाण्याबरोबर. गोळीचा असर चालू असला की ऑन आणि उतरला की ऑफ, हे शब्द आमच्या घरात मामीही वापरते, "आत्ता ऑफ आहे, चारनंतर फोन कर." मेंदूत तार घालून करंट देण्याचं ऑपरेशनही असतं, फ्रान्समध्ये १९८७ च्या सुमारास त्याची आजची पद्धत सुरू झाली, पण तो वेगळा विषय आणि आमच्यावर वेळ आलेली नाही.

बाहेरून दुसरी बातमी देऊन मेंदूला वाटेवर आणायची ही युक्ती पार्किन्सन्सपुरती नाही. मान एका बाजूला वळून ओढली जाते असा डिस्टोनिया नावाचा आजार असतो, त्यातले कितीतरी लोक हनुवटीला नुसतं एक बोट टेकवतात आणि मान सरळ होते, जोर लावत नाहीत, नुसता स्पर्श. का होतं त्याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. लकवा झाल्यावर चांगला हात मुद्दाम गुंतवून ठेवून कमजोर हातालाच कामाला लावतात, तर काही ठिकाणी आरसा असा ठेवतात की चांगल्या हाताचं प्रतिबिंब आजारी हाताच्या जागी दिसतं. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला तर काही पेशंटसाठी डावी बाजू अस्तित्वातच राहत नाही, डोळे चांगले असून. आमच्या ओळखीतले एक आजोबा ताटातली भाजी-आमटी संपवायचे आणि सुनेवर चिडायचे की चटणी-कोशिंबीर वाढलीच नाही. ताट फिरवून दिलं की म्हणायचे, आत्ता आणलीस होय.

मामाकडे परत. जमिनीवर मारलेल्या टेपा महिन्याभरात फाटल्या, लादी पुसताना पोछ्यात अडकायच्या आणि कामवाल्या मावशी वैतागल्या होत्या. आता आतल्या दारात ऑइलपेंटच्या पट्ट्या आहेत. मुख्य दाराबाहेर मात्र मामी रोज सकाळी गोपद्म, कमळ वगैरे सोडून पांढऱ्या रांगोळीच्या पाच आडव्या रेघा काढते, एकमेकींपासून एक पाऊल अंतरावर. समोरच्या वहिनींनी विचारलं, ही कसली रांगोळी हो?

मामी म्हणाली, "जिना आहे."